आजोबांचं फेवर ल्युबा, पण बॉक्स भलत्याच कंपनीचा. काय करू?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ, तर चुकलंमाकलं सांभाळून घ्या. चवथीच्या आधी गावच्या घराला रंग काढायचा म्हणून माळ्यावरचं सगळं खाली उतरवलं, त्यात आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आजोबा खाणीवर कारकून होते, मी पाच वर्षांचा असताना गेले, मला फक्त त्यांची तपकिरीची डबी आठवते. ट्रंकेत धोतराच्या घडीत गुंडाळलेला एक लाल बॉक्स आणि बॉक्सात मनगटी घड्याळ. फेवर ल्युबा सी चीफ, चावीचं, स्टीलचं, पांढऱ्या डायलचा आता सायीसारखा रंग झालाय आणि पाचच्या बाजूला चहा सांडल्यासारखे डाग. फोटो टाकलाय.

आता गंमत अशी की बॉक्सवर सोनेरी अक्षरांत रोमर लिहिलंय! घड्याळ आत आडवंतिडवं कोंबलेलं होतं, झाकणही धड लागत नव्हतं. झाकणाच्या आत सॅटिनवर शिक्का आहे, 'रेलोजो' इतकं वाचता येतं, पुढचं पुसलंय, आणि खाली 'एल. मार्केस'. दुकानमालकाचं नाव असावं.

नेटवर एकजण फेवर ल्युबाचा 'ओरिजिनल बॉक्स' साडेतीन हजाराला देतोय. वैशाखात मुलाची मुंज आहे, तेव्हा पणजोबांचं घड्याळ म्हणून त्याला द्यायचं मनात आहे, आणि द्यायचं तर नीट बॉक्सात द्यावं असं वाटतं. घेऊ का तो बॉक्स?

किल्लीवाला

डिचोलीकर बाब, अभिनंदन. बॉक्सचं मागाहून बघू, आधी घड्याळ. चावी दिलीत का? दिली नसेल तर देऊ नका, दिली असेल तर आता थांबा. इतकी वर्षं पडून असलेल्या मशीनमधलं तेल सुकून चिकट झालेलं असतं, त्यात धूळ मिसळली की ते पॉलिश पेपरसारखं काम करतं आणि चालू घड्याळ आतल्या आत स्वतःला खातं. 'चावी दिली आणि लगेच चालू झालं हो!' असं लोक आनंदाने सांगतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. आधी सर्व्हिसिंग, मग चावी.

दुसरं म्हणजे डाग पुसायला जाऊ नका. डाग आहेत ही चांगली बातमी आहे. फेवर ल्युबा मूळची स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावची, आपलं मूळ १७३७ पर्यंत नेते, आणि मुंबईत तिचा धंदा १८६५ पासूनचा, त्यामुळे आपल्याकडे ही घड्याळं खोऱ्याने आली आणि खोऱ्याने बिघडली. नंतर परदेशी घड्याळं आणायला सरकारी बंधनं आली, सुटे भाग मिळेनात, मग कारागिरांनी एकाचं मशीन दुसऱ्याची केस करून ती जगवली. तिथपर्यंत मी त्यांना सलाम करतो. पण आता तोच उद्योग विकण्यासाठी चालतो, डायल खरवडून नवा रंग आणि नवी छपाई, त्यालाच बाहेरचे लोक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. निळंशार, नारिंगी, पोपटी डायल आणि काटे चकचकीत दिसले की समजायचं. भिंग घेऊन बघा, अक्षरांच्या कडा धारदार आहेत की शाई फुटलीय? सहाच्या खाली बारीक अक्षरांत स्विस लिहिलेलं सरळ आहे का? मिनिटांच्या रेघा सगळीकडे सारख्या अंतरावर आहेत का? तुमचं डायल फोटोत तरी मूळचं वाटतंय.

सोळाआणे

बॉक्स घ्या, विचार कसला करताय. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे. नुसतं घड्याळ आणि बॉक्स-कागदांसकट घड्याळ यात गिऱ्हाईक किती फरक करतं ते मला विचारा. साडेतीन जास्त आहेत, अडीचला मागा. लाल बॉक्स मला द्या, रोमरवाला गिऱ्हाईक आहे माझ्याकडे.

मडगांवकार

एल. मार्केस हे दुकानमालकाचं नाव नव्हे!! ते शहर आहे. लोरेंसु मार्किश, मोझांबिकची पोर्तुगीज काळातली राजधानी, आजचं मापुतो. पत्ता लिहिताना एल. मार्किश असंच आखडून लिहायचे, आमच्या घरी माझ्या मावशीच्या सासऱ्यांची तिथून आलेली पत्रं आहेत, सगळ्यांवर तसंच. आणि रेलोजो म्हणजे रेलोजोआरिया, घड्याळांचं दुकान. १९७६ ला शहराचं नाव बदललं, म्हणजे बॉक्स त्याच्या आधीचा.

त्या काळी गोव्यातले किती लोक तिकडे होते, रेल्वेत, कस्टममध्ये, दुकानांत, शिवाय तारवटी, म्हणजे खलाशी लोक, पूर्व आफ्रिकेच्या आगबोटींवर. तारवटी सुट्टीवर घरी आला की वाड्यावर कोणाला साबण, कोणाला लवंडर, कोणाला घड्याळ. तुमच्या शेजारीपाजारी कोणी तारवटी होता का विचारा बघू. मला तरी हा बॉक्स साडेतीन हजारवाल्या बॉक्सपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतो.

डिचोलीकर

मडगांवकार बाब, अंगावर काटा आला. मी चार दिवस मार्केस नावाच्या माणसाचं दुकान पणजीत कुठे होतं ते शोधत होतो, अठरा जून रस्त्यावरच्या दोन म्हाताऱ्या दुकानदारांना विचारूनसुद्धा आलो. 😀 त्यातला एक म्हणाला हो हो, होता मार्केस, चांगला माणूस होता!

किल्लीवाला, चावी दिली नाही, देव पावला. भिंगातून बघितलं, छपाई धारदार आहे. पण आकड्यांवर आणि काट्यांत हिरवट-तपकिरी खडबडीत काहीतरी आहे, अंधारात अजिबात चमकत नाही. हे टूथब्रशने साफ करू का?

किल्लीवाला

नाही!! हात लावू नका त्याला. सहाच्या खाली स्विसच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' अक्षर आहे का बघा. असेल तर चमकायला ट्रिशियम वापरलंय. नसेल तर रेडियम धरून चला, निदान खात्री होईपर्यंत.

आपल्याकडे गाडीच्या स्टिकरलाही रेडियम म्हणतात आणि नंबरप्लेटवाल्यालाही रेडियमवाला, त्यामुळे हा शब्द ऐकून कोणी घाबरत नाही. पण जुन्या डायलवर खरंखुरं किरणोत्सारी रेडियम असायचं, झिंक सल्फाइडमध्ये कालवून. चमकायचं ते झिंक सल्फाइड, ते काही वर्षांत मरतं, म्हणून अंधारात काही दिसत नाही. रेडियम मात्र तिथेच आहे, त्याला अर्धं व्हायला १६०० वर्षं लागतात. घड्याळ उघडलेलं नसेल तर हातात घेऊन बघायला हरकत नाही, धोका त्याची भुकटी नाकातोंडात जाण्याचा. म्हणून खरवडायचं नाही, घासायचं नाही, फुंकर मारायची नाही, आणि घड्याळजीकडे द्याल तेव्हा त्याला आधी सांगायचं. मुंजीच्या मुलाला रोज घालायला तर अजिबात नको.

डिचोलीकर

टी नाही. 😐

पावसाळी_बेडूक

मी घड्याळांतली नाही, मी खोक्यांतली. जुने दागिन्यांचे, चष्म्यांचे, घड्याळांचे बॉक्स जमवते, पणजीत राहते, म्हणजे जून ते सप्टेंबर बुरशीशी माझं कायमचं भांडण. म्हणून लांबलचक लिहिते, वाचा नाहीतर सोडा.

पहिली गोष्ट, जुन्या बॉक्समध्ये जुनं घड्याळ ठेवू नका. विचित्र वाटेल, बॉक्स त्याचसाठी असतो ना! पण सॅटिनच्या खाली जी मऊ गादी असते ती बऱ्याच बॉक्समध्ये फोमची, आणि फोम दमट हवेत विरघळतो, आधी पिवळा पडतो, मग भुगा, मग गुळाच्या पाकासारखा चिकट. शिवाय विरघळताना त्यातून आंबट वाफा सुटतात. मी माझ्या पपांचं सायटिझन चार पावसाळे त्याच्याच बॉक्समध्ये कपाटात ठेवलं होतं, जपून, मलमलच्या रुमालात, आणि काढलं तेव्हा मागचं झाकण फोमला चिकटलेलं आणि डायलवर हिरवी पुटं. कोणी चोरलं असतं तर इतकं वाईट वाटलं नसतं. कापसाची किंवा गवताची गादी असेल तर फोमसारखी चिकटत नाही पण ओल धरते.

दुसरं, डांबरगोळ्या बॉक्सजवळ ठेवू नका, वाफेने प्लास्टिक मऊ पडतं, रेक्झीनवर डाग येतात. कपाट भिंतीला चिकटलेलं नको, आपल्या जांभ्या दगडाच्या भिंती पावसात पाणी पितात. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेलची पुडी आणि हवेचा ओलावा दाखवणारा छोटा काटा, तो पन्नास टक्क्यांच्या आसपास हवा. जुलैत माझ्या खोलीत तो ८८ दाखवतो, डब्यात ४५. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला दोन तास, परत निळं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं म्हणून मी आता नारिंगी वापरते, ते हिरवं होतं. जेवणाच्या ओव्हनमध्ये निळं नको.

बुरशी आली असेल तर घरात झटकू नका. अंगणात, तोंडाला मास्क, मऊ ब्रश, कोवळं ऊन अर्धा तास. भर दुपारचं ऊन दिलंत तर रेक्झीन सोलून निघेल. सॅटिनला पाणी लावायचं नाही, त्या शिक्क्याची शाई पळेल आणि लोरेंसु मार्किश पुन्हा समुद्रात. बिजागरी सुटली असेल तर फेव्हिक्विक नको नको नको.

कुवेत_रिटर्न

हे सगळं वाचून एक लिहावंसं वाटलं. पपा ८३ ला कुवेतला गेले, कोणाकोणाचे बाप घरी येताना टेपरेकॉर्डर आणायचे तसे आमचे घड्याळं आणायचे, मामाला एक, काकाला एक. स्वतःसाठी सेको फाइव्ह घेतलं. त्याच्या पाठीवरच्या नंबरचा पहिला आकडा ८ आणि दुसरा ४. सेकोचं सोपं असतं, पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिना, ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक आपलं आपण ओळखायचं. म्हणजे एप्रिल १९८८.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य आत आलं. पपा बाकीच्यांबरोबर बसने इराकमार्गे जॉर्डनला, अम्मानला कितीतरी दिवस तंबूत, मग एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. हातात एक बॅग आणि मनगटावर ते घड्याळ. बॉक्स, गॅरंटी कार्ड, दुकानाची पावती, फ्लॅट, फ्रीज सगळं तिथेच. आता मला कोणी म्हणालं की फुल सेट नाही म्हणून किंमत कमी, तर मी काय बोलू?

सोळाआणे

भावना समजतात हो, पण मार्केट मार्केट आहे. डिचोलीकरांना विकायचं नसेल तर प्रश्नच मिटला. पण उद्या त्यांच्या मुलाला विकायचं झालं तर? मॅचिंग बॉक्स असलेला काय वाईट.

जनता१७ज्वेल

मी एचएमटीवाला आहे, आमच्याकडे बॉक्सचा प्रश्नच नाही. १९६१ ला बेंगळुरूत सायटिझनच्या मदतीने कारखाना निघाला, २०१६ ला सरकारने घड्याळांचं युनिट बंद करायचं ठरवलं, मधल्या काळात 'देश की धडकन' घराघरांत गेली आणि तिची प्लास्टिकची डबी घराघरांत हूक, बटणं, सुया ठेवायला गेली. माझ्या आईची अजून आहे, फॉलबिडिंगची सुई त्यातच. जनता मात्र मी वापरतो, रोज सकाळी चावी, दिवसाला अर्धा मिनिट पुढे जातं, तेवढं माफ.

नेटवर नव्याकोऱ्या डायलची जनता आणि नवाकोरा बॉक्स दिसला तर सावध, कंपनीचा जुना स्टॉक म्हणून विकतात आणि आत तीन घड्याळांचे अवयव.

किल्लीवाला

सोळाआणे, तुमचा मुद्दा मला मान्य नाही आणि कारण भावना नाही. समजा डिचोलीकरांनी तो बॉक्स घेतला. तो कुठल्या तरी दुसऱ्या फेवर ल्युबाचा असणार, तिथून सुटलेला, म्हणजे तिकडचं घड्याळ उघडं पडलं. इकडे आजोबांच्या घड्याळाला तो बसला. वीस वर्षांनी डिचोलीकरांचा मुलगा छातीठोकपणे सांगणार की हा पणजोबांचाच बॉक्स, खोटं बोलायचा त्याचा हेतू नसेल पण ते खोटंच असेल. आणि जो लाल बॉक्स खरोखर त्या ट्रंकेत होता तो तुमच्या रोमरवाल्याकडे पोचलेला असेल. कंपनी जुळली म्हणून ओरिजिनल होत नाही. एकत्र सापडलं त्यालाच मी ओरिजिनल म्हणतो, मग नाव काही असो. दुकानदारसुद्धा तेव्हा हाताला लागेल त्या बॉक्समध्ये घड्याळ घालून द्यायचे.

सोळाआणे

बरं बाबा. पण लाल बॉक्स विकायचा असेल तर मला पहिला फोन.

डिचोलीकर

अपडेट. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी जाताजाता एका जुन्या घड्याळजीकडे गेलो, किल्लीवाला यांनी सांगितल्याप्रमाणे रेडियमचं आधी सांगितलं. ते म्हणाले, मला शिकवतोस? पण हातमोजे आणि मास्क घातले. मागचं झाकण उघडलं, मशीनवर फेवर ल्युबाची खूण आहे, गंज नाही, बॅलन्सचं चाक हलवल्यावर डुलतंय. झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार सुईने कोरलेल्या तीन बारीक नोंदी. ते म्हणाले आम्ही कारागीर दुरुस्तीची तारीख आणि आपली खूण अशी आतून कोरतो, परत आलं की कळतं कधी केलं होतं. सगळ्यात जुनी ८-६७. म्हणजे आजोबांनी तीनदा तरी सर्व्हिसिंग केलंय, आणि आम्हाला वाटायचं ते चहासुद्धा मोजून पितात.

पण खरी गोष्ट पुढे. त्यांनी लाल बॉक्स हातात घेतला, मधली गादी दाबून बघितली, आणि म्हणाले हा बायलांच्या घड्याळाचा बॉक्स. गादीची खाच एवढीशी, पट्टा गुंडाळायची जागा बोटाएवढी. पुरुषाचं घड्याळ यात बसणारच नाही, म्हणून झाकण लागत नाही.

मला इतके दिवस दिसलं नव्हतं.

मडगांवकार

अरे वा!! मग घरातल्या कुठल्या बाईकडे रोमर होतं? आजी?

पावसाळी_बेडूक

आईला विचारा. अशा गोष्टी बायकांना माहीत असतात.

डिचोलीकर

विचारलं. आई एका मिनिटात म्हणाली, "ते तुझ्या आत्याचं. ती मॅट्रिक झाली तेव्हा शेजारच्या तारवट्याकडून मामंजींनी मागवलेलं." एका मिनिटात! मी महिनाभर धागा चालवतोय. आत्या साखळी गावात दिलेली, वय ७८, खणखणीत. मी विचारलं मग आजोबांच्या घड्याळाचा बॉक्स? आई म्हणाली तिलाच विचार, तिचं माहेरचं सामान होतं.

किल्लीवाला

जा, जा, आजच जा.

सोळाआणे

मीपण येऊ का? 😀

डिचोलीकर

रविवारी जाऊन आलो. आता शेवटचं लिहितो, उशीर झालाय.

आत्याला घड्याळ दाखवलं तर आधी तिने ते कानाला लावलं. मग म्हणाली, बंद आहे. मी बॉक्सचं विचारलं तर उठली, देवघराच्या खालचा खण उघडला आणि निळ्या रेक्झीनचा चौकोनी बॉक्स काढला. झाकणावर फेवर ल्युबा, अर्धी अक्षरं घासून गेलेली. आत सेफ्टी पिना, ब्लाउजचे हूक, दोन जायफळं, एक पाच पैशाचं नाणं, कानाच्या मशीनचे सेल. मधली गादी तिने कधीच काढून टाकलेली.

लग्न होऊन साखळीला आली तेव्हा तिनेच बदलला म्हणे. आजोबा काही बोलले नाहीत, त्यांनी तिचा लाल घेतला आणि आपलं घड्याळ त्यात कोंबलं. रोमर तिच्या सुनेकडे आहे, चालू आहे.

मी म्हटलं, आत्ये, हा बॉक्स मला दे, मुंजीत पोराला घड्याळासकट देतो. ती म्हणाली, "डबो म्हजो, घड्याळ तुजें." मी म्हटलं बदल्यात दुसरा आणून देतो, हवा तसला. नाही. फोटो काढू दिले, माप घेऊ दिलं, पिना मात्र तिने स्वतः काढल्या आणि स्वतः मोजून परत घातल्या.

निघताना मी लाल बॉक्स तिच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, हा तरी तुझा आहे ना, मॅट्रिकचा, ठेव. तिने उघडला, सॅटिनवरून बोट फिरवलं, त्या शिक्क्यावर थोडं थांबली. मग झाकण लावून माझ्या हातात दिला.

"व्हर तो. त्या ल्हान डब्यांत कितें मावता रे?"